पॅकिंगची जाडी

ऑगस्ट संपत आला की दोह्यात घराबाहेर पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो. आतल्या हवेने गार झालेल्या काचांवर बाहेरची दमट हवा साचते आणि पुढची वीस-बावीस सेकंद मी आंधळी असते. हा आकडा मोजलेला आहे. न मोजता काही सोसणे मला जमत नाही. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या गल्लीत या दिवसांत आभाळात ढगाचा ठिपका नसतो, तरी पदपथ ओले असतात. वरच्या मजल्यांवरच्या एसीतून थेंब गळत राहतात आणि गल्लीतली मांजरे त्या थेंबांखाली बसून पाणी पितात. इथले लोक या दमटपणाला रतूबा म्हणतात आणि सुहैल तारा दिसण्याची वाट पाहतात. तो दिसला की उन्हाळ्याचे बळ सरते, अशी त्यांची श्रद्धा आहे. हवामानाच्या नोंदी या श्रद्धेला फारसा विरोध करत नाहीत.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी अशीच चष्मा पुसत उभी असताना फोन वाजला. पलीकडे बू जासिम होते, माझ्या ओळखीचे एक म्हातारे कतारी गृहस्थ.

"मोहंदिस," ते म्हणाले, "सियारा ताबान."

मोहंदिस म्हणजे इंजिनियर, सियारा म्हणजे गाडी, आणि ताबान म्हणजे थकलेली. इथे नादुरुस्त यंत्राला बिघडलेले म्हणत नाहीत, थकलेले म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हा शब्द मला अशास्त्रीय वाटला होता. फोन ठेवून मी घरात आले आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला बेकेलाइटचा तपकिरी तुकडा हातात घेतला. पाच मिलिमीटर जाड, मधोमध एक खिडकी, दोन बाजूंना बोल्टची दोन भोके. मागच्या वर्षीच्या याच हंगामात तो मी स्वतः कापला होता, आणि त्याने एका माणसाच्या सव्वीस वर्षांवर पाणी फिरवायची वेळ आणली होती.

त्या माणसाचे नाव हमीदकाका. गुहागरजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे आणि सव्वीस वर्षे इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात मेकॅनिक होते. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. माझ्या हातात नवा पोळपाट होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिले.

"हा डुगडुगणार," ते म्हणाले. "एक पाय आखूड हाय."

मी घरी जाऊन पट्टी लावली. एक पाय खरोखरच दोन मिलिमीटरने आखूड होता. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला खाली चामड्याची चकती चिकटवून दिली, आणि मी त्यांची 'बाय' झाले. कोकणात लेकीबाळींना घालतात ती हाक. कऱ्हाडच्या माझ्या आईने फोनवर ती ऐकली तेव्हा विचारले, "हा कोण गं तुला एवढ्या मायेनं हाक मारतोय?" मी म्हटले, "एक शेजारी." नेमके उत्तर देण्याची माझी सवय त्या वेळी कामास आली नाही.

शुक्रवारी सकाळी गॅरेज बंद असे आणि काका तिथे एकच काम करत: बू जासिमची गाडी. फिकट पिस्त्याच्या रंगाची, लांब नाकाची, पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकी गाडी. पुढची सीट अखंड, दिवाणखान्यातल्या कोचासारखी. बू जासिम काठी टेकत येत, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसत आणि काकांना काम करताना पाहत. काकांना अरबी आकडे याच माणसाने, याच खोक्यावर बसून शिकवले होते. त्यांची आपसातली भाषा अर्धी अरबी, अर्धी हिंदी होती आणि तिला व्याकरण नव्हते. ती कधी अडखळलेली मात्र मी ऐकली नाही.

काका सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी कायमचे गावी जाणार होते. बू जासिमनी त्यांना शब्द दिला होता: विमानतळावर मी स्वतः सोडीन, याच गाडीतून. मला हे ऐकून गंमत वाटली होती. टॅक्सी पाच मिनिटांत मिळते, असे मी म्हणालेदेखील. काका पान्याला फडके गुंडाळत होते.

"आलो तेव्हा पिकअपच्या मागं बसून आलो गो बाय, बोचक्यांच्या संगती. दर सुट्टीला गेलो तो कंपनीच्या बसमधनं. आता येकदा पुढं बसून जायचं हाय. या गाडीत. मंग झालं."

आणि नेमकी त्यांच्या जाण्याच्या आदल्या महिन्यात गाडी थकली. सकाळी गार असताना ती निमूट चाले. दुपारी, तापल्यावर, रस्त्याच्या मध्येच उचक्या देऊन बंद पडे.

काकांनी फ्यूएल पंप उतरवला. या जुन्या गाड्यांचा पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टनी आवळलेली धातूची डबी. तिच्यातून एक तरफ इंजिनात जाते. कॅमशाफ्ट या दांड्यावरचा फुगवटा फिरता फिरता ही तरफ दाबतो आणि सोडतो. त्याबरोबर डबीतला रबरी पडदा खाली-वर होतो, आणि टाकीतले पेट्रोल घोटाघोटाने कार्ब्युरेटरकडे जाते. वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. "तान्ह्या पोराचं दूध पिणं," काका म्हणत, "दुसरं काय नाय." त्यांनी तो पडदा माझ्या तळहातावर ठेवला. भाजल्या पापडासारखा कडक झाला होता आणि उजेडाकडे धरल्यावर त्यात केसाएवढ्या रेषा दिसत होत्या. तसा पडदा सुटा मिळेना. बू जासिमच्या मुलाने, जासिमने, बाहेरून नवा पंपच मागवला. तो आला आणि काकांनी मला अंगठा पुढे करायला सांगितले.

"इथं ठेव. पेट्रोल आत येतं त्या तोंडावर." मग त्यांनी हाताने तरफ दाबली. आतून कुणी ओढावा तसा माझा अंगठा त्या भोकाला चिकटला. "सोडत नाय बघ. जित्ता हाय."

त्या क्षणी मी गप्प बसले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी रास लफानच्या वायू प्रकल्पात काम करते आणि माझे कामच मुळी पंपांचे आहे. वायू द्रव होतो तिथे, उणे एकशे साठ अंशांच्या आसपास, पंपाच्या तोंडाशी द्रव उकळला तर काय अनर्थ होतो, यावर मी सादरीकरणे दिली आहेत. दुपारी बंद पडणारी गाडी मला डोळ्यांपुढे सोडवलेल्या गणितासारखी दिसत होती.

"काका, नुसता पंप बदलून भागणार नाही. इंजिनाची उष्णता पंपात उतरते आणि पेट्रोल आतच उकळतं. मधलं पॅकिंग जाड करायला हवं."

पंपाच्या खोक्यावरच मी आकृती काढली. इंजिन, पंप, दोहोंमधले कागदाचे पातळ पॅकिंग. त्याच्या जागी पाच मिलिमीटरचा बेकेलाइट, उष्णता अडवणारे टणक प्लॅस्टिक. खाली उष्णतावहनाचे समीकरण. समीकरण अचूक होते, हे आजही सांगते.

"जाड व्हईल गो बाय," काका म्हणाले.

"जाडच हवं. जाडी वाढली की उष्णता कमी जाते."

काका त्या खोक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा एक हात पंपावर होता. "बराय," ते म्हणाले. "तू बोलतेस तर."

बेकेलाइटचा तुकडा मी एका विजेच्या सामानाच्या दुकानातून आणला, दोन संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून कापला, कानशीने घासला. तो मी अभिमानाने घासला. नोकरीत माझ्या हातून कागद बाहेर पडतात. वस्तू पहिल्यांदाच पडत होती. पुढच्या शुक्रवारी, काकांच्या जाण्याच्या बरोबर आठ दिवस आधी, आम्ही पंप बसवला. शेडमध्ये गाडी लोण्यासारखी चालली. बू जासिमनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, "मोहंदिस, शुक्रन," म्हणून आभार मानले आणि ते अल खोरच्या रस्त्याला एक फेरी मारायला निघाले.

दीड तासाने गाडी ट्रेलरवरून परत आली. वेग घेताच ती भुकेल्यासारखी आचके देऊ लागली होती आणि भर रस्त्यात बंद पडली होती. म्हातारे वडील त्या दमट भट्टीत अर्धा तास उभे राहिले होते. जासिम रागावला होता, आणि त्याचा राग रास्त होता. तो इंग्रजीत म्हणाला, "आता पुरे. हमीद गेला की रविवारी गाडी दुसऱ्या वर्कशॉपला जाईल. हे इंजिनच काढून नवं बसवतो." मग त्याचा स्वर उतरला. "हमीद, एअरपोर्टला मी सोडीन तुला. माझ्या गाडीतून."

काकांनी हातातले फडके घडी घालून खिशात ठेवले.

"गलती मेरी है, बाबा," ते बू जासिमना म्हणाले. "हाथ अभी बुढ्ढा हो गया."

मी तीन पावलांवर उभी होते. चष्मा स्वच्छ होता. मी काहीही बोलले नाही.

त्या आठवड्याचा विचार आजही मी टाळते. कार्यालयात माझ्या वरच्या पदासाठीच्या मुलाखती चालू होत्या; मी पुनःपुन्हा स्वतःला समजावले की दोष पंपाचाच असणार, नळीत हवा असणार, टाकीत गाळ असणार. प्रत्येक शक्यता मी लिहून काढली. आपण सोडून सगळे त्या यादीत होते.

बुधवारी पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत मी इमारतीच्या दाराबाहेर उभी होते. आपल्याकडे धुके काचेच्या आत साचते, इथे उलटे. आत गारवा, बाहेर वाफ. दाराची काच बाहेरून दुधी होते. वेळ होता म्हणून मी तिच्यावर बोटाने पंप काढू लागले. एक वर्तुळ, म्हणजे कॅम. त्याला टेकलेली तरफ. तरफेमागे पंपाची डबी. मग मधे माझे पॅकिंग काढले आणि डबी तेवढी मागे सरकवली. आणि डबीबरोबर तरफही मागे सरकली. तिचे टोक वर्तुळापासून सुटले. फुगवटा आला की तो तरफेला नुसता चाटून जाणार होता. तरफेची सगळी हालचालच मोजक्या मिलिमीटरची, आणि मी त्यातले बहुतेक खाल्ले होते. शेडमध्ये इंजिनाला भूक कमी होती म्हणून तेवढ्यावर भागले. रस्त्यावर भागले नाही. उष्णतेची वाट अडवताना मी घोटच अडवला होता.

काचेपलीकडे कुणीतरी उभे होते. काका, हातात डबा, त्यांच्या बसला निघालेले. आतून त्यांना माझी आकृती उलटी दिसत असणार. तरफेच्या रेषेतून पाण्याचा एक ओघळ खाली उतरत होता. ते दार ढकलून बाहेर आले.

"काका, चूक माझी होती."

"म्हायत हाय."

"केव्हापासून?"

"तू खोक्यावर काढलंस तवाच. बोललो ना, जाड व्हईल."

"मग थांबवलं का नाहीत मला?" माझा आवाज चढला. अपराधी माणसाचा चढतो तसा.

काकांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "तू कागदावर येवढं सुरेख काढलं हुतंस. आमच्या मानसातली पोर, येवढी शिकल्याली. मला वाटलं, ती बोलते तर बरोबर असंल. आपलाच हात जुना झाला असंल."

त्यांची बस आली आणि ते गेले. मी माझी चुकवली.

चुकीचे मोजमाप करणे माझ्या पेशाचा भाग आहे. समीकरण चुकले नव्हते. प्रश्न अपुरा मांडला होता. ही सौम्य चूक. दुसरी चूक मोजता येत नाही. काकांनी मला दोन शब्दांत नेमके कारण सांगितले होते आणि मी ते विधान समजून ऐकलेच नाही. ते मला बोली वाटले. एखाद्या परदेशी तज्ज्ञाने बैठकीत तेच म्हटले असते, तर मी वहीत लिहून घेतले असते. आणि काकांनी? सव्वीस वर्षे कान आणि अंगठा वापरून मिळवलेले ज्ञान त्यांनी माझ्या एका सुबक आकृतीपुढे खाली ठेवले. आपल्या भाषेतली शिकलेली मुलगी घरात आली की आपण सगळेच थोडे मागे सरतो, तिला पुढे जाऊ देतो. माझे वडीलही असेच सरत आले आहेत. त्या सरण्यावर मी इथपर्यंत पोहोचले, आणि त्याला माझी हुशारी समजत राहिले.

शुक्रवारी सकाळी मी बू जासिमना गॅरेजात बोलावले आणि त्यांच्या खोक्यासमोर उभे राहून हिंदीत सांगितले, "बाबा, गलती हमीदकाका की नहीं है. मैंने बोला था, इसलिए उन्होंने लगाया."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, मग काकांकडे. "मोहंदिस बोला, हमीद किया," ते म्हणाले. "सियारा ताबान नहीं. तुम दोनो ताबान." आणि काठी आपटून हसले.

"खरं बोललीस नि चूक अंगावर घ्यायची माझी सगळी मेहनत वाया घालवलीस," काका कुरकुरले, पण त्यांच्या खांद्यांतला ताण गेला होता.

मग काम सुरू झाले. काकांनी पॅकिंगचा जाड कागद पंपाच्या तोंडावर ठेवला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारत गेले. पंपाच्या धारेवर कागद आपोआप कापला गेला, हुबेहूब त्याच आकाराचा. पट्टी नाही, पेन्सिल नाही. मी इंजिन हाताने फिरवत होते आणि ते आत बोट घालून कॅम चाचपत होते. "आणि थोडं... आणि... बस. उतार आला." फुगवटा पलीकडे गेल्यामुळे तरफ अलगद बसली.

"काका," मी विचारले, "उष्णतेचं काय? एक्झॉस्टची नळी पंपाच्या अगदी जवळ आहे. मधे पत्रा उभा केला, पंपाला न टेकवता, तर काही बिघडेल का?"

त्यांनी मान वर केली. बहुधा प्रश्नचिन्ह त्यांना माझ्याकडून नवे होते.

"नाय बिघडणार," ते सावकाश म्हणाले. "बरं पडंल."

खजुराच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून आम्ही आडोसा केला. मग पेट्रोल बाहेर पडते ती नळी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडली, ती बाटली बू जासिमनी धरली, आणि मी किल्ली फिरवली. बाटलीत पेट्रोल धारेने नव्हे, ठोक्याठोक्याने पडू लागले: भक्, भक्, भक्. म्हाताऱ्याने बाटली कानाशी नेली आणि डोळे मिटले. जासिम दारात येऊन उभा होता. रविवारचा ट्रेलर त्याने तिथूनच फोनवरून रद्द केला.

शनिवारी दुपारी दोनला आम्ही निघालो. दिवसातली सर्वांत वाईट वेळ. स्टिअरिंगवर बू जासिम. काका पुढे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून. मी मागे, दोरीने बांधलेल्या खोक्यांना धरून. सगळ्या काचा उघड्या. तिघेही इंजिन ऐकत होतो. विमानतळाआधीच्या शेवटच्या सिग्नलला इंजिनाचा सूर किंचित पडला. काकांची बोटे गुडघ्यावर ताठ झाली. सूर सावरला. दिवा हिरवा झाला.

उतरल्यावर त्यांनी दार हळूच लावले. बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसून लगेच उचलला. "तापलीय," ते मला म्हणाले. निरोपाचा तो एकच शब्द. बू जासिमनी त्यांना नाकाला नाक लावून निरोप दिला, आणि सामानाची गाडी ढकलत काका काचेच्या दारातून आत गेले. दाराने त्यांना बाहेरच्या धुक्याआड घेतले.

परतताना तीन किलोमीटरवर गाडी बंद पडली.

निरोपात इंजिन बंद ठेवून उभे राहिलो, तेवढ्यात साचलेली उष्णता वर चढली आणि पेट्रोल खरोखरच उकळले. माझा मूळ सिद्धांत. एका उड्डाणपुलाच्या सावलीत मी आणि बू जासिम चाळीस मिनिटे बसून राहिलो, एका दुकानातून आणलेले ताक पीत. माझे म्हणणे बरोबर होते आणि ते कुणाला ऐकवावे असे मला वाटले नाही. डोक्यावरून एक विमान गेले. "हमीद को नहीं बोलना," बू जासिम म्हणाले. "खलास," मी म्हणाले, म्हणजे ठरले. गार झाल्यावर गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

तो शब्द आम्ही दोघांनी वर्षभर पाळला. गेल्या गुरुवारच्या बू जासिमच्या फोननंतर, दुसऱ्या दिवशी गॅरेजात पंप पाहून झाल्यावर, मी काकांना गावी निरोप पाठवला: गाडी पुन्हा दुपारची थांबते आहे, पंप तपासला, अंगठा सुटत नाही, काय करू? रात्रीच्या जेवणाआधी त्यांचा आवाजी निरोप आला. मागे कोंबड्या होत्या, आणि कुणीतरी नारळ सोलत होते.

"बाय, येक सांग. त्या दिवशी मला सोडून परत जाताना थांबली हुती ना गाडी? सिग्नललाच कळलं हुतं मला. म्हटलं, तुमी सांगाल. नाय सांगितलंत, बरं केलंत." मग थोडे थांबून, "उकळतंच हाय ते पेट्रोल. तुझं खरं हुतं. पत्र्याचा आडोसा मोठा कर. केवढा, ते तू काढ कागदावर, तुला येतं ते."

कोंबड्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला. मला वाटले निरोप संपला.

"पॅकिंगला मातर हात लावू नको."